कागद कधी हिरवा असतो का

दिंडोरीकडच्या एका पॅकहाउसमध्ये द्राक्षांचे घड निवडणाऱ्या मावशींनी मला सांभाळून घेतलं. नाहीतर नाशकातलं माझं पहिलं स्वतंत्र काम दुपारपर्यंत हातचं गेलं असतं.

मी चंद्रपूरकडचा. आठवीत शाळा सुटली. नाशकात एका स्टुडिओसाठी चार वर्षं लग्नांचे फोटो काढले, मग जुना कॅमेरा घेऊन एकट्यानं कामं शोधू लागलो. कॅमेऱ्याच्या मेनूतलं इंग्रजी अगदीच येत नाही असं नाही, पण घाईत अक्षरं डोळ्यांसमोरून सरकतात. म्हणून उजेड कसला ते कॅमेऱ्याला सांगताना चित्रांवर भागवायचो. सूर्य म्हणजे ऊन, ढग म्हणजे ढगाळ, नळी म्हणजे ट्यूबलाइट. एक चित्र मात्र, दोन त्रिकोणांवर चौकोन, कधी दाबलंच नाही. काही बिघडलं तर?

परदेशी गिऱ्हाइकाला पाठवायला खोक्यात भरलेल्या द्राक्षांचे फोटो हवे होते. पॅकहाउसच्या साहेबांनी पहिले काही पाहिले.

"पिकलेला माल आहे आमचा. हा तर आंबट दिसतोय. जेवून येतो, तोवर नाही जमलं तर दुसऱ्याला बोलावतो."

मी ऑटोवर काढून पाहिलं, सूर्यावर पाहिलं, नळीवर पाहिलं. एकदा हिरवं, एकदा त्याहून हिरवं. शेजारच्या टेबलावर मावशी कात्रीनं घडातले बारीक मणी काढत होत्या.

"बघू भाऊ." त्यांनी स्क्रीनमध्ये डोकावलं. "अहो, द्राक्षं राहू द्या, त्यांच्याखालचा कागद बघा. कागद कधी हिरवा असतो का?"

"छपराचे पत्रे हिरवे आहेत ना मावशी, उजेडच तसा पडतो."

"मग आम्हाला कसा पांढरा दिसतो? सांगा की तुमच्या मशीनला, हा पांढरा हाय म्हणून."

पलीकडची बाई हसली. "मावशी, आधार कार्डावर तुम्हाला काळं केलं ते हेच मशीन असंल!"

मला मात्र एकदम स्टुडिओच्या मालकांचं बोलणं आठवलं. त्या चौकोनाच्या चित्राला आधी पांढरं काहीतरी दाखवावं लागतं. मावशींनी एक कोरा कागद द्राक्षांच्याच जागी, त्याच उजेडात धरला. मी पूर्ण चौकटीत कागदच येईल असा फोटो घेतला, मेनूत तोच निवडला आणि ते चित्र दाबलं. पुढच्या फोटोत कागद पांढरा आला, मण्यांवर पिकल्याची पिवळसर झाक आली.

साहेब जेवून आले. "हां, हा आमचा माल," एवढंच म्हणाले, आणि उरलेले फोटो मीच काढले.

निघताना मावशींना म्हटलं, "तुमचा एक काढू?"

"ह्या अवतारात? डोक्याला टोपी, तोंडाला मास्क. काढायचा तर घरी या, चांगली साडी नेसते, नातवंडांना बसवते."

गावाचं नाव विचारून घेतलंय. दोन हंगाम झाले, जाणं झालेलं नाही. पण एक दिवस जाईन. त्यांच्या अंगणात आधी पांढरा कागद धरीन, मग त्यांचा फोटो काढीन, आणि मोठा करून, काचेत बसवून त्यांच्या हातात देईन.