वेणूच्या तोंडचा आकडा

त्या वर्षांत मला सकाळची भीती वाटायची. रात्र कशीतरी निघून जाई, पण उजाडायला लागलं की मी वेणूच्या अंथरुणाकडेच बघत राही. कारण ती जागी होणार आणि तिचे बाबा तिच्यासमोर मांडी घालून विचारणार, "सांग बाई, आज कोणता?"

तेल्हाऱ्याला यांचं दुकान होतं, विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करण्याचं. विहिरी आटल्या तशी गिऱ्हाइकं फिरकेनाशी झाली आणि हे रिकाम्या दुकानातून उठून पानठेल्यावर जाऊन बसू लागले. तिथे सट्ट्याचा आकडा लावत. आधी नुसती गंमत होती. एकदा लागला तेव्हा घरी जिलबी आली, मीही हसत खाल्ली. मग रोज लावू लागले, पुढे दिवसातून दोनदा. हरले की गेलेलं भरून काढायला खेळायचं, आणि जिंकले की नशीब उघडलंय म्हणून. हळूहळू त्यांना जिकडेतिकडे आकडेच दिसायला लागले. एसटीच्या पाटीवर आकडा, माझ्या स्वप्नातल्या सापाचाही आकडा. तेव्हा आमच्या भागात अवेळी मयती फार होत. हे मयतीला जात आणि गेलेल्याचं वय हळूच विचारून घेत. मला ते कळलं त्या दिवशी मी पहिल्यांदा यांना घाबरले.

खेळणाऱ्यांत एक समज आहे, की निष्पाप लेकरानं सकाळी उठल्या उठल्या सांगितलेला आकडा येतो. वेणू तेव्हा पाच वर्षांची होती. तिनं सहज सांगितलेला आकडा एकदा लागला आणि तिथेच घात झाला. आकडा आला की तिला खांद्यावर घेऊन मिरवायचे, पेढा भरवायचे. नाही आला तर मारत नसत, ओरडतही नसत. फक्त दिवसभर तिच्याशी बोलत नसत, तिच्याकडे बघत नसत. पोर यांच्या ताटाभोवती घुटमळत राही. मी एकदा धीर करून म्हटलं, "पोरीले कावून विचारता हो? तिले काय समजते?" तर म्हणाले, "तिच्या तोंडून देव बोलून राहिला. तू मधात नको पडू."

आणि मी काय करत होते? संध्याकाळी दिवा लावून म्हणत होते, महादेवा, आज वेणूचा आकडा येऊ दे. बापानं लेकीशी बोलावं म्हणून मी देवालाच सट्ट्याला बसवलं होतं. देव काही ऐकत नव्हता, आणि तो आहे तरी का, असं मनात येई. दुकानातली हत्यारं एकेक करून गेली. वेणू जागी झाली तरी डोळे घट्ट मिटून पडून राहू लागली.

अशात एका सोमवारी हे म्हणाले, "तिले तुह्या माहेरच्या महादेवासमोर उभी करू. तिथं सांगन ते खोटं नाही होत." माझं माहेर नांदगाव खंडेश्वरचं. अमरावतीला बस बदलली, तेव्हाही वेणूनं माझा पदर सोडला नाही. तिचा आकडा आला नाही तर हे काय करतील, स्वतःचं आणि तिचंही, हाच विचार वाटभर माझ्या डोक्यात होता.

देवळाच्या पायरीशी एक म्हातारी मुसलमान बांगडीवाली टोपली घेऊन बसली होती. तिनं वेणूला जवळ ओढलं, हात कुरवाळला आणि विचारलं, "किती घालू माय? सांग बरं."

वेणूनं बापाकडे पाहिलं. उभ्या उभ्या तिची चड्डी ओली झाली. "बाबा, मले नाई माहीत," ती रडत म्हणाली, "तरी बोलसान ना माह्यासंग?"

बांगडीवालीनं आम्हा दोघांकडे पाहिलं. "रोऊ नको बेटा. मी मोजतच नाई. हात भरला का झालं." तिनं खरंच न मोजता दोन्ही हात भरले आणि ते यांच्या हातात दिले. "भाऊ, धरा. लेकरू थरथरून राहिलं."

हे तिथेच ओल्या पायरीवर बसले. बराच वेळ ते हात सोडले नाहीत. मग म्हणाले, "चाल, घरी जाऊ." आम्ही गाभाऱ्यात गेलोच नाही.

पुढे मी माहेरी गेले तेव्हा त्या म्हातारीला शोधलं, ती दिसली नाही. दुसऱ्या गावच्या बाजाराला गेली असेल. माझ्यापुरतं मी इतकंच म्हणते, की त्या दिवशी माझा महादेव देवळाबाहेर बसला होता.

व्यसन काही त्या पायरीवर सुटलं नाही. हे पुन्हा ठेल्याकडे वळले, पुन्हा परत आले, आणि प्रत्येक वेळी मी दारात वाट बघत राहिले. पण वेणूला त्यांनी परत कधी विचारलं नाही. मीही देवाकडे मागणं सोडलं. दिवा लावते, हात जोडते आणि बाकीचं त्याच्यावर सोपवून उठते. भीती अजून आहे, पण आता ती मी एकटी वाहत नाही.

वेणू मात्र पुढे कित्येक महिने कुठलाच आकडा उच्चारत नव्हती. शाळेत पाढे म्हणताना ओठ मिटून बसायची. एका सकाळी ती यांच्या शेजारी जेवायला बसली होती. मी पोळ्या लाटत होते. कुणी काही विचारलं नव्हतं.

"आई," ती म्हणाली, "मले दोन दे."

यांचा घास हातातच राहिला. मी तिच्या ताटात दोन पोळ्या वाढल्या आणि पदरानं डोळे पुसले.