चौकटीतलं तेल

आधी माफी मागतो. करीमचाचांवर लिहायचा मान त्यांच्या घरच्यांचा. माझी त्यांची ओळख जेमतेम सहा महिन्यांची. पण ते गेले हे मला कळलंच नव्हतं, ते मनातून जात नाही... म्हणून लिहितो.

वारंगा फाट्यावर चाचांचा लाकूड कातायचा खराद होता. पाडलेल्या घरांची, मोडक्या बैलगाड्यांची लाकडं आणायचे, चुंबक फिरवून आतले खिळे शोधायचे आणि फिरत्या लाकडाला हत्यार लावून वाडगी काढायचे. आमच्या तांड्यावरचं जुनं घर पाडलं, तेव्हा दाराची सागवानी चौकट चुलीत जाणार होती. तिचा एक तुकडा मी वाचवला. आमच्या डोक्याला तेल लावून झालं की याडी, म्हणजे माझी आई, हात त्याच जागी पुसायची. वर्षानुवर्षांचा काळा डाग पडला होता. याडी गेली, तिचा धड फोटोही नाही. आणि मी काय केलं? असं मळकं लाकूड वाडगं करायला चाचांकडे कसं न्यायचं, म्हणून पॉलिश पेपरने घासत बसलो. डाग गेल्यावर कळलं, काय घासलं ते.

"काहून घासलं रे, कालेज?" कॉलेजात शिकतो म्हणून चाचा मला कालेजच म्हणायचे. "नवरी दाखवून राहिला का मला?"

मला रडू आलं. डागाचं सांगितलं. त्यांनी तुकडा बराच वेळ नाकाशी धरला. "तेल हाय. ते आत जातंय, नुसतं वर बसत न्हाई. परीक्षा देऊन ये. वाडग्याचा काठ तुझ्यासमोर काढू."

परीक्षेनंतर एसटीने दोनदा फाट्यावरून गेलो. दुकान बंद दिसलं. नमाजला गेले असतील, असं म्हणत उतरलो नाही... खरं तर भीती वाटत होती. डाग सापडलाच नसेल तर?

तिसऱ्यांदा उतरलो. "मी कालेज" एवढंच म्हटल्यावर दुकानामागच्या घरातून त्यांच्या सुनेने फडक्यात गुंडाळलेलं छोटं वाडगं आणून दिलं. काठ तसाच, ओबडधोबड. आज माझ्या खोलीतही तो तसाच आहे. पालथं केलं, तर बुडाशी अंगठ्याएवढी काळसर सावली. तेवढी जागा त्यांनी अगदी हलक्या हाताने कातली होती. मी वास घेतला...

"भाभी, चाचांना बोलवा ना! डाग सापडला म्हणून सांगायचंय."

त्या दाराला टेकल्या. "भैया, अब्बांना जाऊन महिना झाला. कळवायचं तरी कुठं? तुमचं नाव आमाला कोणालाच ठाऊक न्हवतं... अब्बा तर कालेजच म्हणायचे."