घास लहान होत गेले

म्हसावदहून जनावरांचे डॉक्टर यायचे होते. ते लवकर यावेत असं वाटत होतं आणि येऊच नयेत असंही. आमच्या म्हाताऱ्या कुत्र्याची, शेरूची कंबर गेली होती, तो सारखा कण्हायचा. त्याला इंजेक्शन देऊन त्रासातून कायमचं सोडवायचं ठरलं होतं. फोन मीच केला होता.

डॉक्टर चप्पल काढून जमिनीवर बसले. आधी त्यांनी शेरूला आपला तळहात हुंगू दिला. मग विचारलं, "काय खादं यानी?"

"काहीच नाही, सर. माझ्या काकांच्या ऑपरेशनआधी त्यांना उपाशी ठेवायला सांगितलं होतं, म्हणून यालाही..." मी म्हटलं.

"ते परत उठाडनं, जागं करनं ऱ्हास तवय, भाऊ," ते हळूच म्हणाले. "आज कसाले? खाऊ दे त्याले."

आई दूध-भाकर घेऊन आली. "सुईनी त्याले दुखी का, साहेब?"

"सुई टोची तेवढंच, माय."

ती हाताने भरवू लागली. प्रत्येक घास आधीच्यापेक्षा लहान होत होता. डॉक्टरांनी ते पाहिलं असावं, कारण बॅगेकडे गेलेला हात त्यांनी मागे घेतला.

वाटी संपली, तरी डॉक्टर तसेच बसून राहिले. शेवटी आईच म्हणाली, "आते द्या ती सुई, साहेब."