ग्रीक-लॅटिनचं कपाट

नवी मुंबईतल्या विद्यापीठाला ग्रीक आणि लॅटिन कशाला हवं, असं ज्याने ज्याने मला विचारलं त्याला मी मनातल्या मनात शिव्या दिल्या आहेत. उघड दिल्या नाहीत, कारण विचारणारे बहुतेक माझे साहेबच होते.

मी तिथला ग्रंथपाल. मला स्वतःला दोन्ही भाषा येत नाहीत. ग्रीक पुस्तक उलटं धरलंय हे कळायलासुद्धा मला चित्र शोधावं लागतं. पण इतिहासाच्या मॅडमनी ग्रीकचा वर्ग सुरू केला. आपल्या किनाऱ्यावर ग्रीक खलाशी व्यापाराला येत, त्यांनी लिहिलेलं आपल्या मुलांनी मुळातून का वाचू नये, हा त्यांचा सवाल. मला तो पटला, आणि मला एखादी गोष्ट पटली की मी ती बिघडेपर्यंत करतो.

पुस्तकं मिळवायला मी दारोदार फिरलो. पुण्याच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी ग्रीक ग्रंथ दिले. वसईच्या एका वृद्ध फादरांनी लॅटिनचे कोश दिले आणि वर चहा पाजला. एवढी दुर्मीळ पुस्तकं हाती आल्यावर मी आमच्या जमातीला शोभेल असंच केलं. चांगलं पुस्तक वाचकांपासून कसं वाचवायचं, हा ग्रंथपालाचा पहिला विचार असतो. काचेचं कपाट, त्याला कुलूप, प्रत्येक पुस्तकावर शिक्का: ‘संदर्भासाठी. घरी मिळणार नाही.’ किल्ली माझ्या खिशात. मी गावी साताऱ्याला गेलो की किल्लीही साताऱ्याला. मॅडम एकदा म्हणाल्या, हे ग्रंथालय आहे की बँकेचा लॉकर? मला ती स्तुती वाटली.

मग कुलसचिवांना तो कपाटाचा कोपरा स्टार्टअप कक्षासाठी हवासा वाटू लागला. आमच्याकडे नियम आहे: वर्षानुवर्षं कुणी न नेलेली पुस्तकं निर्लेखनात, म्हणजे सरळ रद्दीत. त्यांनी बैठकीत संगणकावरची माहिती पडद्यावर दाखवली. माझ्या संग्रहातलं एकही पुस्तक एकदाही बाहेर गेलेलं नव्हतं.

“सर, ती घरी देतच नाही आम्ही,” मी म्हणालो.

“मग वाचणारं कुणी नाही, असंच झालं ना?”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वर्ग चालू आहे हे या गृहस्थांना पक्कं ठाऊक होतं. उद्घाटनाला नारळ त्यांनीच फोडला होता. पुस्तकं गेली की ग्रंथालयाची सोय नाही म्हणून वर्गाची मान्यता जाणार, हेही ठाऊक होतं. आणि हे सगळं करायला त्यांच्या हातात हत्यार कुणी दिलं, तर मी.

बाहेर मॅडम उभ्या होत्या. “तुमच्या कुलपाने जे केलं ना सर, ते कुलसचिवांना उभ्या जन्मात जमलं नसतं,” त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या. मीच स्वतःवर इतका चिडलो होतो, की त्यांच्यावर चिडायला राग उरलाच नाही.

त्याच रागात मी नियमावली पुन्हा वाचली. वाचकाकडे असलेलं पुस्तक निर्लेखनात काढता येत नाही. झालं. शिक्के खोडले आणि दिसेल त्याच्या नावावर पुस्तकं चढवली. करावे गावातल्या एका विद्यार्थिनीच्या घरी ग्रीक व्याकरण गेलं. उरणच्या रसायनशास्त्राच्या सरांना, नको नको म्हणत असताना, लॅटिनचे दोन खंड दिले. उरलेली मी घरी आणली. बायकोने विचारलं, ऑफिसात एवढी जागा असताना हे माझ्या गव्हाच्या डब्यांवर कशाला? तिला काय सांगणार, कपाळ?

निर्लेखन समिती आली तेव्हा कपाट रिकामं. रद्दीत काढायला काहीच नाही. मी विजयी मुद्रेने उभा होतो. कुलसचिवांनी काचेतून आत पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, “पुस्तकंच नाहीत, तर कपाट कशाला?”

संध्याकाळपर्यंत कपाट उचललं, कोपरा गेला.

वर्ग चालू आहे. मुलं आपापल्या नावावरची पुस्तकं पाठीवर वाहून आणतात आणि परत नेतात. ती ठेवायला विद्यापीठात अजून फळी नाही, आणि एखादं टेबलावर पडलेलं दिसलं तर समिती पुन्हा येईल. म्हणून मुदत संपायच्या आधीच मी सगळ्यांना ती वाढवून देतो. परवा ती करावे गावची मुलगी व्याकरण वेळेवर परत करायला आली. मी तिच्यावर असा खेकसलो, की वाचनकक्षातल्या माना वळल्या. पुस्तक वेळेवर आणलं म्हणून वाचकाला झापणारा ग्रंथपाल त्यांनी पहिल्यांदाच पाहिला असणार. तिने घाबरून ते पिशवीत परत घातलं, आणि मी संगणकात नवी तारीख टाकली.