वहिनीचा भूकंप

आमच्या औंढ्याकडच्या गावात जमिनीच्या पोटातून अधूनमधून आवाज येतो, घरं हलतात. एका सकाळी मी भाकरी थापत होते आणि मांडणीवरचे पितळी डबे धडाधड खाली आले. एक लेकीच्या कानाला घासून गेला. तिला काखोटीला मारून मी अंगणात पळाले. एवढंच झालं, भिंतीला चीरसुद्धा गेली नाही.

त्यानंतर मात्र रस्त्यानं ट्रॅक्टर गेला तरी मी बाहेर पळायची. छाती धडधडायची, तळहाताला घाम सुटायचा. धाकट्या दिराला यात करमणूक सापडली. शेतात जायचं म्हटलं की याची कंबर दुखायची. मर्दानगी दाखवायला त्याला घाबरलेली भावजयच मिळाली. पाहुणे आले की गोठ्याच्या पत्र्यावर लाथ घालायचा आणि मी पळाले की सांगायचा, हा आमच्या वहिनीचा भूकंप. पाहुणे हसायचे. वर चहा माझ्याच हातचा प्यायचे.

शेवटी नवऱ्यानं मला हिंगोलीला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, भीतीच्या क्षणी शरीरात ॲड्रेनॅलिन, कॉर्टिसॉल उसळतात, म्हणून ती आठवण मेंदूत खोल रुतते. धोका टळला, हे मेंदूला नव्यानं शिकावं लागतं, आणि त्या शिकण्यात सेरोटोनिनचा हात असतो. त्यासाठी गोळ्या दिल्या. रोज थोडा वेळ मांडणीपाशीच बसायला सांगितलं. सुरुवातीला बेचैनी वाढेल, हेही सांगितलं.

ती वाढलीच. दीर गावभर सांगत सुटला की गोळ्या येड्यायला देतात. स्वतः मात्र साध्या पडशालाही सुई मागतो.

काही महिन्यांनी त्याच्या सासरची माणसं आली. त्यानं पत्रा वाजवला. माझ्या छातीत धस्स झालं, पण मी तव्यावरची भाकरी उलटली. त्यानं पुन्हा वाजवला, आणखी जोरात. त्याच्या सासूनं विचारलं, "काहून वाजवून राहिले, जावईबापू?"

मग मीच दारात येऊन सांगितलं, "मला भेव दाखवायला. दुसरं काम येत न्हाई त्यायला."

जुनी भीती पुसली जात नाही, तिच्यावर नवी आठवण बसते, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. तसंच असावं. आता जमीन गुरगुरली की मी लेकीचा हात धरून चालत अंगणात जाते. दिराशी कामापुरतंच बोलते. म्हणजे बोलतच नाही.