परक्या बाईपाशी ठेवलेला फोन

मला लिहायची सवय नाही. मानवतच्या जिनिंगमध्ये कापसाच्या वजनकाट्यावर उभं राहण्यात उमर गेली. तिथं आकडे लिहिले, वाक्यं नाहीत. पण परदेशातून आल्यापासून माझ्या धाकट्या बहिणीबद्दल, चतुराबाईबद्दल, काही सांगावं असं सारखं वाटतं. नीट जमेल की नाही, ठाऊक नाही.

चतुरा बोरीत दिली. थोडी कोरडवाहू जमीन, म्हणून दिवाळी झाली की नवरा-बायको ऊसतोडीला जायची. नवरा वारल्यावरही ती टोळीबरोबर जात राहिली. उसाच्या फडाच्या कडेला पाचटाच्या झोपड्या, म्हणजे कोप्या, पडायच्या. कोपीत लाईट कुठली? मग टोळीतले सगळे मोबाईल एका पिशवीत घालून चतुरा सकाळी जवळच्या वस्तीवर नाहीतर किराणा दुकानात नेऊन द्यायची. ओळखू यावेत म्हणून प्रत्येकाच्या कव्हरला वेगळ्या रंगाचा दोरा. तिचा स्वतःचा लाल. "ध्यान ठेव माय," एवढं त्या घरच्या बाईला म्हणायची आणि फडात निघून जायची. ट्रॅक्टर भरून झाला की पिशवी परत आणायची. फोन चार्जिंगला लावायचा म्हणजे कुणाच्या तरी हवाली करायचा आणि आपल्या कामाला लागायचं, ही रीत तिच्या अंगात मुरली होती.

तिचा मुलगा बालाजी नर्सिंग शिकला आणि जर्मनीत एका दवाखान्यात लागला. त्याची बायको शिवकन्या दिवसांत होती. आई बाळंतपणाला यावी, असा दोघांनी हट्ट धरला. अडचण एकच. चतुराचं काळीज अधूनमधून बिनकारण धावतं. परभणीच्या डॉक्टरांनी जायला हरकत नाही म्हणून सांगितलं, फक्त ठोक्यांवर नजर ठेवा म्हणाले. मग बालाजीनं एका गाववाल्याबरोबर मनगटावरचं घड्याळ पाठवलं. घड्याळ चतुराच्या हातात, ठोके तिच्या काळजाचे, आणि ते तिच्या फोनमधून दिसतात तिकडं बालाजीला. तो बोरीला फोन करून विचारायचा, "आई, आत्ता जिना चढलीस का?" आणि ती खरंच गच्चीवर गेलेली असायची! मी हे कितीदा पाहिलं, तरी दर वेळी अंगावर काटा आला.

त्या घड्याळाचं चार्जिंगही अजब. वायर खुपसायला भोकच नाही. एक गोल चकती, तिच्यावर घड्याळ ठेवलं की आपोआप चिकटतं आणि करंट आत जातो. चतुरानं ते उलटंपालटं करून पाहिलं.

"दादा, ह्याला तोंड न्हाई. मग हे जेवतं कुठून?"

मी चकती पालथी करून पाहिली; तिलाही तोंड नव्हतं.

तिला एकटीला पाठवणं शक्य नव्हतं, म्हणून मी सोबत निघालो. मला इंग्रजी अक्षरं लागतात, अर्थ लागत नाही. वाटेत अरबांच्या देशात विमान बदलायचं होतं. बालाजीनं सांगून ठेवलं होतं, "मामा, तिथं उतरलात की व्हिडिओ कॉल करा. फोन पाटीसमोर धरा. मी बघून सांगतो कुठं वळायचं ते." म्हणजे आमचे डोळे चतुराच्या फोनात होते. फोन बंद पडला तर पुढचं विमान गाठणं अवघड, आणि ते चुकलं तर नातवंडाच्या जन्माला पोचणं अवघड.

तिथं उतरून पाहतो तर फोनची बॅटरी लाल. पिशवीत त्याची टॉर्च वाटभर जळत राहिली होती. घड्याळही मरायला टेकलेलं. मी परभणीतल्या दुकानातून पिन घेतली होती, ती जर्मनीची, गोल दांड्यांची. इथली भोकं चपटी. मधल्या देशातही लाईट लागेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

ते विमानतळ काय वर्णावं! छत एवढं उंच की खाली जिनिंगमधल्या कापसाच्या गंज्या एकीवर एक रचल्या तरी टेकणार नाहीत. फरशी अशी की पाय ठेवावा की नाही असं वाटावं. आणि खुर्चीखुर्चीला, खांबाखांबाला चार्जिंगची सोय. मालक कुणीच दिसेना.

"कुणाची लाईट हाय ही?" चतुरानं विचारलं. "इचारल्याबिगर कशी घ्यायची?"

शेजारी डोक्याला पिवळं फडकं बांधलेली एक काळीसावळी, दणकट बाई बसली होती. कुठल्या देशाची, देव जाणे. चतुरानं तिला आमची पिन दाखवली, मग भिंत दाखवली आणि हात पालथे केले. बाई मोठ्यानं हसली. तिच्याजवळ सगळ्या जातीच्या पिना बसतील असा एक ठोकळा होता. त्यातली आपल्या फोनची वायर उपसून तिनं जागा आम्हाला दिली. आधी चकतीवर घड्याळ लावलं. ते बऱ्यापैकी भरल्यावर चतुरानं हातात घातलं आणि त्या जागी फोन लावला.

मी म्हणालो, "तू बस. विमानांचा फलक कुठं हाय ते बघून येतो."

फलक लांब होता. त्यावरचे आकडे तिकिटाशी जुळवत होतो, तेवढ्यात चतुरा मागं येऊन उभी राहिली. आमचा आकडा सापडला, बाणही दिसला. सरकत्या पट्ट्यावर उभे राहून आम्ही निघालो. पाय न हलवता माणूस पुढं जातो, याचंच आम्हाला नवल. निम्म्यात तिचं घड्याळ थरथरलं. काचेवर फोनचं चित्र, त्यावर आडवी रेघ.

"चतुरे, फोन कुठंय?"

"लावलाय की चार्जिंगला."

"लावलाय म्हणजे? तिथंच सोडून आलीस?"

"मग? फोन भरंस्तवर आपण तिथं बसून ऱ्हायाचं का? त्या बाईला सांगितलंय म्या, ध्यान ठेव माय म्हणून."

"कोण बाई? नाव काय तिचं? गाव काय? हे काय फडाशेजारचं दुकान हाय व्हय गं!"

"नाव कशाला पायजे? तिचे हात बघितले म्या. कामाचे हायत. वरडू नको, लोक बघायलेत."

पट्टा तर मागं फिरेना. मी उलटा चालायला लागलो, तो आणखी पुढंच जायला लागलो. चतुरा हसायला लागली. शेवटी टोकाला उतरून पलीकडून परत आलो. मी लोकांना धडका देत पुढं पळत होतो. ती आपली पिशवी सावरत मागून सावकाश, शेतातून घरी चालल्यासारखी.

खुर्च्यांच्या रांगा सगळ्या सारख्या. एक रांग, दुसरी, तिसरी. पिवळं फडकं कुठंच नाही. मी एका खांबाला धरून उभा राहिलो. बालाजीला काय सांगू, याशिवाय मनात काही येईना.

"ती काय तिथं," चतुरा म्हणाली.

मी बसलेल्यांत शोधत होतो, म्हणून दिसली नव्हती. ती बसलेली नव्हती, उभी होती. पाठीवर बोचकं, खांद्याला पिशवी, निघायच्या तयारीत. एक हात आमच्या फोनवर. वर कुठूनतरी पुकारा चालला होता आणि ती मान वळवून वळवून तिकडं बघत होती. पण जागची हलत नव्हती. चतुरा दिसताच तिनं तिच्या भाषेत जे तोंड सोडलं, त्यातला एक शब्द मला कळला नाही आणि सगळं कळलं.

"व्हय माय, व्हय, चुकलं," चतुरा तिच्या दंडाला धरून म्हणाली.

बाईनं कव्हरचा लाल दोरा चिमटीत धरून दाखवला, फोन चतुराच्या हातात ठेवला, आपला ठोकळा उपसला आणि धावत सुटली. एवढं सामान घेऊन ती बाई कशी पळाली!

फोन हातात आला, तोच बालाजीचा कॉल.

"आई! कुठं होतीस? ठोके दिसायचेच बंद झाले. जीव गेला माझा इथं."

"फोन चार्जिंगला ठिवला हुता रं."

"कुठं?"

"एका बाईपाशी."

"कोण बाई?"

"हाय एक."

मी फोन घेतला आणि घडलं ते सांगितलं. घाईत तेच तेच दोनदा सांगितलं. मधल्या वेळातले ठोके घड्याळानं साठवून ठेवले होते, ते आता त्याच्याकडं पोचत होते.

"मामा," तो म्हणाला, "आईच्या ठोक्यांची रेघ तर सरळच्या सरळ हाय, जरा बी वाढ न्हाई. फोन हरवला तवाबी. घड्याळ तुम्हालाच घालायला पायजे हुतं."

मी चतुराच्या मनगटाकडं बघत राहिलो. आयुष्यभर काट्यावर वजनं केली, पण असा भरवसा कशात तोलावा, मला माहीत नाही.

"थांबा," बालाजी एकदम म्हणाला. "आत्ता ठोके वाढायलेत. आई, काय झालं? बस खाली."

चतुरा बसली नाही. ती बाई जिकडं पळाली, तिकडं टाचा उंचावून बघत होती.

"दादा," ती म्हणाली, "तिचं विमान चुकलं तर न्हाई ना रं? आन् तिचा फोन भरायचा ऱ्हायला. आपलाच लावला हुता सगळा वेळ."