उसवआपा

आमची विहीर पाच घरांची. कुंभार पिंपळगावपासून आत कच्च्या रस्त्यानं गेलं की आमचं गाव, आणि गावाच्या वरच्या अंगाला ती विहीर. एका आजाची पाच घरं झाली, जमीन वाटली गेली, पण विहीर काही वाटता येत नाही. म्हणून पाण्याच्या पाळ्या. त्या सगळ्या तोंडी. लक्षात ठेवायचे भगवानकाका, कारण ते थोरल्या घरचे. मोटार चालू असताना मध्येच लाईट गेली की ज्याची पाळी त्याचे राहिलेले तास बुडाले. बुडायचे ते बहुतेक वेळा आमचेच, कारण माझे वडील धाकट्या घरचे आणि भांडणात कच्चे. आमचा गहू शिवारात सगळ्यांत आखूड असायचा. मी आणि आई दुसऱ्यांच्या कापसात वेचणीला जायचो. घरात दहावीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं. मी संगणक विषय घेऊन बी.एस्सी. झाले, आणि हे मी चारचौघांत मान वर करून सांगते. पण पदवी कागदावर मिळाली. काम करायला शिकवलं ते आपांनी.

आपा अंबडच्या आमच्या कॉलेजात संगणकाच्या प्रयोगशाळेत सहायक होत्या. वडिलांचं बाजारात शिवणकामाचं दुकान, त्यामुळं कुठलाही कपडा त्या सुलटा बघायच्याच नाहीत. पहिल्याच दिवशी मी हजेरीच्या कागदावर सही करत होते, तर त्यांनी माझ्या बाहीचं टोक धरून उलटं केलं.

"कोनी शिवला गं?"

"आईनं. हातानं."

"टाका बराबर हाय. शेवटी गाठ न्हाई मारली. आईला सांग, दोन धुण्यांत उसवंल."

दोन धुण्यांत उसवलाच.

आमचे प्रोग्रॅम त्या असेच बघायच्या. एखादा मुलगा छाती काढून सांगायचा, "आपा, चालला!" आपा स्क्रीनकडं न बघता म्हणायच्या, "चालला ते कळलं. आतून दाखव." आणि आतून बघितल्यावर नव्वद टक्के वेळा एकच शब्द: "उसव." म्हणजे पुसून पुन्हा लिही. त्यावरून पोरांनी त्यांचं नाव उसवआपा ठेवलं. ते त्यांना माहीत होतं. एकदा फळ्यावर कुणी तरी तसं लिहून ठेवलं, तेव्हा त्यांनी खडू घेऊन फक्त त्यातला ऱ्हस्व-दीर्घ सुधारला.

दुसऱ्या वर्षाला असताना मी त्यांना विहिरीचं सांगितलं. त्यांनी डबा खाता खाता ऐकलं आणि म्हणाल्या, "ह्ये तर संगनकाचं काम हाय. भगवानकाकाच्या डोक्याला कशाला तरास?" मग आम्ही ते लिहायला बसलो. कुठल्या घराची पाळी कधी, किती तास, लाईट गेली तर किती तास राहिले, ते पुढं कधी द्यायचे, आणि आदल्या दिवशी प्रत्येकाच्या मोबाईलवर निरोप. लिहिलेलं सगळं आपांनी इंटरनेटवर उघडं ठेवलं. कुणीही बघावं, कुणीही घ्यावं, कुणीही दुरुस्त करावं. मी म्हटलं, "आपा, आपली मेहनत अशी फुकट द्यायची?" तर म्हणाल्या, "पाच घराची विहीर काय तुझ्याच गावात हाय का? टेंभुर्णीत न्हाईत? कुलूप लावून काय करती?"

ते उघडं होतं म्हणून पुण्याच्या ओंकारनं बघितलं. तो तिकडं कंपनीत नोकरीला. त्याला काम आवडलं आणि तो फावल्या वेळात आमच्याबरोबर लिहायला लागला. आला तसा पहिला वाद घेऊन आला. कोडची ओळ आत सरकवायची तर किती जागा सोडायच्या? आपा दोन सोडायच्या, ओंकार चार, मी मनाला येईल तशा. मला वाटलं आता महिनाभर हेच चालणार. आपांनी एका मिनिटात मिटवलं. "मला दोनची सवय हाय. पन भांडायला हे कारण बारीक हाय. चार म्हंजे चार. मंग सगळ्यांनी चार." आणि त्या स्वतःच्या सगळ्या फायली उसवत बसल्या. चार दिवस लागले.

हार मानायला त्यांना कधी जड गेलं नाही. पण अडून बसायच्या तेव्हा कशा बसायच्या, ते मी पुढं बघितलं, आणि त्याला कारण मीच होते.

झालं असं. पाण्याच्या वाट्याला आमच्याकडं पाळी म्हणतात. बाईच्या महिन्याच्या अडचणीलाही पाळीच म्हणतात. आपांनी मुख्य फायलीत इंग्रजी अक्षरांत 'पाळी' हेच नाव दिलं होतं. लाईट गेल्यावर राहिलेले तास पुढं धरायचा भाग माझ्याकडं होता. मी प्रयोगशाळेत तो लिहीत होते, तर मागून एकानं वाकून बघितलं आणि खिदळत दुसऱ्याला म्हणाला, "ये, हिची पाळी बघ रे!" माझे कान तापले. ते गेल्यावर मी माझ्या भागातली सगळी पाळी पुसली आणि तिथं 'बारी' लिहिलं. आपांच्या घरी उर्दू बोलतात, तिथं बारीच म्हणतात. आमच्याकडंही तो शब्द सगळ्यांना कळतो. माणसाला कळतो. संगणकाला अर्थ कळत नाही, नुसती अक्षरं कळतात. त्याच्या लेखी पाळी वेगळी, बारी वेगळी. माझा भाग राहिलेले तास इमानदारीनं बारीत टाकत होता आणि मुख्य भाग पाळीत शोधत होता. चूक झाली असा निरोपसुद्धा त्यानं दिला नाही. त्याला तिथं शून्य दिसलं, त्यानं शून्य धरलं.

त्यात आणखी एक. प्रयोगशाळेतल्या त्या मशीनवर आपांचंच खातं उघडं असायचं. मी त्यातूनच काम पाठवलं. त्यामुळं नोंद झाली ती आपांच्या नावानं.

विहिरीवर आम्ही ते सुरू केलं तेव्हा गहू निसवायला, म्हणजे ओंब्या बाहेर पडायला, आला होता. पहिल्याच फेरीत आमच्या पाळीला लाईट गेली. राहिलेले पाच तास दुसऱ्या दिवशी आम्हाला मिळायला हवे होते. मोबाईलवर निरोप आला: पाळी भगवानकाकांची. वडील मोटारीपाशी उभे होते. त्यांना पक्कं माहीत होतं की तास आपले राहिलेत. तरी त्यांनी काकांच्या हातात किल्ली दिली. का, तर मोबाईलवर आलंय आणि माझ्या पोरीनं लिहिलंय.

काका सगळ्यांसमोर म्हणाले, "काय रे, तुझ्याच पोरीनं तुझं पानी तोडलं? आमच्या डोक्यात तर येवढी चूक कधी झाल्ती का?" मग त्यांनी पाच घरांच्या वतीनं सांगून टाकलं: पुढची फेरी आठ दिवसांनी, तेव्हा बराबर आलं तर ठीक, नाही तर पहिल्यासारखं तोंडी, आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही.

वडिलांनी फोनवर मला एवढंच विचारलं, "माय, गहू एक पानी मागून राह्यला. तुझ्या त्या यंत्राला कळतंय का?"

दुसऱ्या दिवशी आपा, मी आणि ओंकार फोनवर एकत्र बसलो. ओंकारनं चूक शोधली होती. तो हसत म्हणाला, "आपा, तुमच्या घरचा शब्द शिरलाय इथं. बारी. नोंदही तुमच्याच नावाची आहे."

आपांनी माझ्याकडं बघितलं. त्या माझ्या शेजारीच बसल्या होत्या. त्यांना माहीत होतं की त्यांनी ते लिहिलेलं नाही. आणि त्या खात्यातून दुसरं कुणी काम पाठवतं, हेही माहीत होतं. मी खाली बघितलं. आपा फोनवर म्हणाल्या, "बघते मी," आणि फोन ठेवला.

"का लिहिलंस?"

मी सांगितलं. पोरं हसली, लाज वाटली.

आपा रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी खुर्ची माझ्याकडं वळवली. "तुझा बाप विहिरीवर चार मानसांत मोठ्यानं म्हनतो का न्हाई, आज माझी पाळी हाय म्हनून? त्याला लाज वाटती?"

"नाही."

"आन् बाईची पाळी म्हंजे काय चोरी हाय? तू लाजलीस, त्याच्यानं गव्हाचं पानी गेलं. पोरं हसून घरी गेले, त्यांचं काय गेलं?" मग म्हणाल्या, "माझ्या नावावर गेलं त्याचं मला काही न्हाई. पन खोटं नाव लागलेलं काम उद्या कोन दुरुस्त करनार? लिही तिथं. तुझ्या नावानं."

मी माझं स्वतःचं खातं काढलं. चुकीची चर्चा जिथं सगळ्यांना दिसेल अशी उघडी चालते, तिथं मी लिहिलं: हा बदल आपांचा नाही, माझा आहे, शब्दाची लाज वाटली म्हणून मी तो बदलला. कोण कुठले लोक वाचणार! पण लिहिल्यावर श्वास मोकळा झाला. ओंकारचं खाली उत्तर आलं, "माफ करा आपा. मी उगाच बोललो."

चूक दुरुस्त करायला अर्धा तास लागला असता. आपा म्हणाल्या, "एक टाका घालून भागनार न्हाई. शिवनच कच्ची हाय." सगळ्या फायली काढून बघितल्या तर पाळी हा शब्द इंग्रजी अक्षरांत तीन तऱ्हांनी लिहिलेला. विहीर दोन तऱ्हांनी. मोटार कुठं मोटार, कुठं पंप. म्हणाल्या, "आठ दिवसांत नियम ठरले पायजेत. सगळ्यांचे एक."

ओंकारचं म्हणणं, नावं सरळ इंग्रजीत ठेवा. मराठी ठेवली तर बाहेरचं कुणी मदतीला येणार नाही. तो काही चुकीचं बोलत नव्हता. तो तर असंही म्हणाला की मराठीच ठेवणार असाल तर मला यातून मोकळं करा. ओंकार गेला असता तर निम्मं काम पडलं असतं. मी आपांना हळूच म्हटलं, "ऐकू या का त्याचं?" त्यांनी नकारार्थी मान हलवली. तीन दिवस त्यांनी तीच मान हलवली.

"बाहेरचा आला तर त्याला शब्दांची यादी देऊ, तो शिकलेला हाय, वाचंल," त्या ओंकारला म्हणाल्या. "पन विहिरीवरचा मानूस आला आन् म्हनला माझी पाळी चुकली, तर आपन कोनता शब्द हुडकायचा? त्यानं म्हनलेला का तुम्ही ठेवलेला?"

ओंकार म्हणाला, "मग बारी का नको? लिहायला सोपा. पाळी इंग्रजी अक्षरांत लिहिली की पाली होते. भिंतीवरच्या!"

आम्ही तिघंही हसलो. मला तर वाटलं, आपा आता बारीवर येतील. त्यांचाच शब्द होता. त्यांनी माझ्याकडून वडिलांचा नंबर घेतला आणि चालू फोनवरच त्यांना जोडून घेतलं.

"दादा, सलाम. मी आपा बोलते, अंबडहून. विहिरीवर तुमचा वाटा येतो, त्याला काय म्हनता तुम्ही?"

"पाळी," वडील म्हणाले. "दुसरं काय म्हननार?"

"बारी म्हनलं तर?"

"कळंल की. पन म्हनत न्हाई कोनी." मग त्यांनी ओंकारला विचारलं, "साहेब, तुमच्याकडं काय म्हनत्यात?"

ओंकार म्हणाला, "आमच्याकडं विहीरच नाही, काका."

"मंग पानी कोन देतं तुम्हाला?" वडिलांनी काळजीनं विचारलं.

त्यानंतर ओंकार भांडला नाही. उलट नियमाचं वाक्य त्यानंच सुचवलं: विहिरीचं ते मराठीत, संगणकाचं ते इंग्रजीत. आपांनी ते जसंच्या तसं घेतलं. मग यादी केली. एका बाजूला देवनागरीत शब्द, समोर त्याचं इंग्रजी अक्षरांतलं एकच ठरलेलं रूप. पाळीतल्या ळ ला 'एल' दोन, म्हणजे भिंतीवरची होणार नाही. यादीत नसलेला शब्द आला तर काम आपोआप परत पाठवणारी छोटी तपासणी ओंकारनं लिहिली. नवीन शब्द घ्यायचा तर सगळ्यांना विचारून. काम ज्याचं त्याच्या नावानं. ओळीला चार जागा.

मी आपांना विचारलं, "बारी तुमच्या घरचा शब्द. सोडताना काही वाटलं नाही?"

"घरात म्हनतेच की," त्या म्हणाल्या. "इथं विहिरीवाल्यांचं चालनार. ळ आमच्या घरात न्हाई, पन माझ्या तोंडात हाय ना?"

सातव्या दिवशी सगळ्या फायली नव्या नियमानं लिहून झाल्या. आठव्या दिवशी फेरी सुरू झाली. आमच्या पाळीला लाईट गेलीच. दुसऱ्या दिवसासाठी मोबाईलवर निरोप आला: राहिलेले तास धाकट्या घराचे. काकांनी तो दोनदा वाचून घेतला, बोटांवर मोजला आणि किल्ली वडिलांच्या हातात दिली. म्हणाले, "बराबर हाय." एवढंच. गव्हाला पाणी मिळालं. उशिरा मिळालं, पण मिळालं.

पुढच्या वर्षी आपांचं कॉलेजातलं कंत्राट संपलं. हैदराबादला मामाच्या ओळखीनं काम मिळालं. जायच्या दिवशी मी अंबडच्या स्टँडवर गेले. नियमावली बदलायचा अधिकार त्यांनी माझ्या नावावर केला होता, आणि मला भीती वाटत होती. म्हटलं, "आपा, माझ्याच्यानं व्हायचं नाही. ओंकारला द्या." त्या खिडकीतून म्हणाल्या, "ओंकार हुशार हाय. पन तू एकदा चुकून, नाव लावून बसली हायस. मला तसलंच मानूस पायजे." गाडी सुटली. आता फोन येतो, कधी महिन्यानं, कधी दोन महिन्यांनी. आवाज तोच, घाई तीच.

आता टेंभुर्णीकडच्या दोन विहिरी आणि अंबड तालुक्यातली एक विहीर आमच्या कोडवर चालतात. त्यात लिहिणारे आम्ही सात जण आहोत. सातही जण पाळी हा शब्द एकाच तऱ्हेनं लिहितात. आमच्या विहिरीवर पाचही घरांना आपापले तास पुरे मिळतात, आणि लाईट गेली म्हणून कुणाचं पाणी बुडत नाही.